उत्तर: वॉरियर्स २०२५-२६ : सेंटर आणायचा कुठून, आणि कुठल्या पैशात?

प्रेषक: मिलिंद, फ्रीमॉन्ट
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

मंडळी,

एनबीएतल्या (अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या) आपल्या गोल्डन स्टेट वॉरियर्ससाठी नचिकेतने दिलेली यादी वाचली. करार संपलेल्या आपल्या कुमिंगाला नव्या करारावर सही करवून सॅक्रामेंटोला द्या, बदल्यात त्यांचा मंक घ्या, सेंटर (रिंगजवळचा उंच खेळाडू) हॉरफर्डला पूर्ण मिड-लेव्हल (पगारमर्यादेच्या वर असतानाही बाहेरच्या खेळाडूला देता येणारी ठराविक रक्कम) द्या, मेल्टनला परत आणा. यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी शक्य आहे. सगळ्या एकत्र शक्य नाहीत. का, ते आकड्यांत मांडतो.

आज करारात नऊ जण आहेत. यंदाचे पगार: करी ५९.६ मिलियन डॉलर (पुढचे आकडेही मिलियनमध्येच), बटलर ५४.१, ड्रेमंड २५.९, मूडी ११.६, हील्ड ९.२, पॉजेमस्की ३.७, जॅक्सन-डेव्हिस आणि सांतोस प्रत्येकी २.२, पोस्ट २ च्या आत. बेरीज १७०.५ च्या आसपास. त्यातले १३९.६ पहिल्या तिघांचेच, आणि उरलेल्या ३१ मध्ये सहा माणसं.

संघाच्या एकूण पगारावर लीगने आखलेल्या यंदाच्या रेषा अशा: लक्झरी टॅक्स १८७.९ वर, आणि त्याच्याही वर, खेळाडू घेण्यावर बंधनं आणणारे दोन "एप्रन": पहिला १९५.९ वर, दुसरा २०७.८ वर. संघात किमान १४ माणसं हवीत. टॅक्सवाल्यांसाठीचा छोटा मिड-लेव्हल म्हणजे ५.७ वापरला, की ३० जूनपर्यंत दुसरा एप्रन ओलांडता येत नाही, एक डॉलरनेसुद्धा नाही. मोठा, १४.१ वाला वापरला तर तीच कडक मर्यादा पहिल्या एप्रनवर येऊन बसते. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आपण मर्यादेच्या किती खाली आहोत हे नुसतं बघून भागत नाही. कुठलं हत्यार वापरलं, त्यावर मर्यादा कुठली ते ठरतं.

आता सरळ मार्ग. कुमिंगा पहिल्या वर्षी २२.५ धरला तर १९३.० झाले. हॉरफर्ड ५.७ मध्ये, १९८.७. मेल्टन आणि पेटन किमान वेतनावर, प्रत्येकी २.३, म्हणजे २०३.३. ड्राफ्टमधला (नवोदितांच्या निवडीतला) ५६ वा रिचर्ड १.३ ला, म्हणजे २०४.६. चौदा माणसं झाली आणि ३.२ उरले. त्यात पंधरावा अनुभवी खेळाडू २.३ ला बसतो.

आणि कुमिंगाने एक मिलियन जास्त मागितला तर? चौदा जणांचे २०५.६, पंधराव्यासह २०७.९. दशांश एकने अडकलो. त्यामुळे कुमिंगाच्या वाटाघाटीतला प्रत्येक मिलियन म्हणजे बाकावरचा एक माणूस आहे.

मिलिंद

---

प्रेषक: नचिकेत, सॅन होजे
सोमवार, १८ ऑगस्ट, रात्री १०:१५

मिलिंददादा, बेरीज मान्य. पण तुम्ही कुमिंगाला सरळ २२.५ चा खर्च म्हणून मांडलंत. तो २२ वर्षांचा आहे, संघातला एकमेव माणूस जो स्वतःच्या पायांवर रिंगपर्यंत पोचतो. प्लेऑफमध्ये करीचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेल्यावर मिनेसोटाविरुद्ध तिसऱ्या सामन्यात त्याने बाकावरून येऊन ३० गुण केले. त्या सामन्यात तो आणि बटलर सोडून कोण होतं उभं?

आणि मंकचं का जमत नाही? तो १८.८ चा, कुमिंगा साधारण २१ चा. पगार जवळजवळ बरोबरीचे आहेत. उलट आपले पैसे वाचतात.

---

प्रेषक: मिलिंद, फ्रीमॉन्ट
सोमवार, १८ ऑगस्ट, रात्री १०:५०

बरोबरीचे दिसतात, धरले जात नाहीत. कुमिंगाचा जुना पगार ७.६. बर्ड हक्क (स्वतःच्या खेळाडूला पगारमर्यादा ओलांडूनही ठेवण्याचा क्लबचा हक्क) वापरून, पगारमर्यादेच्या वर असलेल्या संघाने त्याला २० टक्क्यांहून जास्त वाढ दिली आणि लगेच सही-करून-पाठवलं, तर आपल्या बाजूने त्याची किंमत जुना पगार किंवा नव्याचा अर्धा, यातली जी मोठी ती धरतात. २१ चा अर्धा १०.५. म्हणजे सॅक्रामेंटो २१ चा माणूस घेतं आणि आपण १०.५ चा माणूस पाठवतो.

१०.५ पाठवून जास्त पगार आणायची सवलत आहे, साधारण साडेआठ मिलियनची. म्हणजे १९ पर्यंत, आणि मंक त्यात मावतो. पण पाठवला त्याहून जास्त पगार घेतला की कडक मर्यादा लगेच पहिल्या एप्रनवर, १९५.९ वर. आता मोज. १७०.५ अधिक १८.८ म्हणजे १८९.३, माणसं दहा. उरले ६.६. रिचर्ड आणि दोन किमान वेतनवाले घेतले की १९५.२ आणि तेरा माणसं. चौदावा बसत नाही, हॉरफर्ड तर लांबच. हील्ड किंवा मूडीला काहीही परत न घेता कुठेतरी सोडावं लागेल. मूडी सोडून मंक घेणं म्हणजे छत्री विकून रेनकोट घ्यायचा, तोही अर्ध्या बाह्यांचा.

शिवाय सही-करून-पाठवण्याचा करार किमान तीन वर्षांचा हवा, आणि घेणारा संघही पहिल्या एप्रनला बांधला जातो. म्हणून सॅक्रामेंटो, फिनिक्स वगैरे बातम्या जून अखेरपासून नुसत्या फिरतायत.

---

प्रेषक: शर्वरी, सॅन रॅमॉन
मंगळवार, १९ ऑगस्ट, सकाळी ७:०५

पैशांचा हिशेब झाला असेल तर खेळाचं बोलते. मंक १९१ सेंटिमीटरचा गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारा) आहे. आपल्याकडे त्या उंचीच्या माणसांची टंचाई कधी होती? आपला सेंटर लूनी गेला, दोन वर्षांच्या १६ मिलियनसाठी न्यू ऑर्लीन्सला. त्याच्या जागी अजून कुणी नाही. पहिली गरज सेंटर. तोसुद्धा तीनच्या रेषेबाहेरून टाकणारा. असा का, ते सांगते.

बटलरचा वॉरियर्सकडचा थ्रीचा (त्या रेषेबाहेरच्या तीन गुणांच्या फेकीचा) टक्का २८ च्या आसपास. ड्रेमंड ३२-३३. कुमिंगा जेमतेम ३०. या तिघांना एकत्र उभं करा आणि चौथा जॅक्सन-डेव्हिस घ्या, जो थ्री टाकतच नाही. समोरचा प्रशिक्षक काय करेल? मिनेसोटाचा असेल तर त्यांच्या सेंटरला, गोबेअरला, रिंगखाली ठाण मांडायला सांगेल आणि बाकीच्यांना करीकडे धाडेल. करी स्क्रीनमागून (साथीदाराने अंगाने केलेल्या आडोशातून) सुटला तरी त्याला दोघं येऊन भिडतात. तो चेंडू ड्रेमंडला देतो. आपले चौघं विरुद्ध त्यांचे तिघं असा ड्रेमंड मोकळा पळतो खरा, पण रिंगखाली माणूस आधीच उभा आहे आणि कोपऱ्यात ज्याला पास द्यायचा त्याचा नेम लागत नाही म्हणून त्याला कुणी राखतच नाहीये. करीची सगळी जादू त्या चार-विरुद्ध-तीनवर उभी आहे, आणि जागाच मिळाली नाही तर ती जादू बंद.

कुमिंगा वाईट खेळतो म्हणून तो बाकावर बसला नाही. बटलर आल्यावर तो तिसरा न-टाकणारा झाला म्हणून बसला. नियमित हंगामाचा क्लिपर्सविरुद्धचा शेवटचा सामना, मेम्फिसशी प्ले-इन (प्लेऑफची पात्रता लढत), ह्यूस्टनशी पहिला सामना, या तिन्हींत आपले प्रशिक्षक केर यांनी त्याला एक मिनिटही दिलं नाही. आणि नचिकेत, तू म्हणतोस त्या ३० गुणांच्या सामन्यात करी नव्हता. करी नसताना चेंडू कुमिंगाच्या हातात राहतो, तो उतरता खांदा टाकून आत घुसतो. करी असताना त्याला चेंडूविना जगावं लागतं. कट (रिंगकडे अचानक धाव) कधी मारायचा, कोपऱ्यात थांबून कधी टाकायचं, स्क्रीन लावून लगेच फिरायचं. ते त्याला चार वर्षांत जमलेलं नाही. दोष कुणाचा यावर भांडू शकतो, पण जमलेलं नाही हे खरं.

म्हणून हॉरफर्ड. ३९ वर्षांचा, पण ३६ टक्क्यांनी थ्री टाकतो. तो वर उभा राहिला की गोबेअरला रिंग सोडून बाहेर यावं लागतं. पोस्टनेही गेल्या हंगामात ४० टक्क्यांच्या वर टाकलं. पण पोस्टला बचावात पिक-अँड-रोलमध्ये (स्क्रीन लावून रिंगकडे वळण्याच्या चालीसमोर) पायांनी मागे सरकावं लागलं की तो उघडा पडतो. हॉरफर्ड मागे सरकूही शकतो आणि गरज पडली तर गार्डसमोर दोन-तीन ड्रिबल टिकूही शकतो.

बाकी बाजार आवरलेला आहे. टर्नर मिलवॉकीला, लोपेझ क्लिपर्सकडे, कपेला ह्यूस्टनला, कॉर्नेट सॅन अँटोनियोला, एटन लेकर्सकडे. सगळे जुलैतच गेले.

शर्वरी

---

प्रेषक: यादी समन्वयक
मंगळवार, १९ ऑगस्ट, सकाळी ९:३०

सर्वांना विनंती, हा धागा गणेशोत्सव स्वयंसेवकांच्या यादीवर सुरू झालाय. प्रतिष्ठापना २७ तारखेला आहे आणि मोदकांची मागणी नोंदवणाऱ्यांना एप्रनची चर्चा स्वयंपाकघराची वाटते. दोघांनी तर "एप्रन मंडळ देणार की घरून आणायचे" असं विचारलंय. कृपया "क्रीडा" यादीवर या. मी धागा तिथे हलवला आहे.

---

प्रेषक: वसंतकाका, क्युपर्टिनो
मंगळवार, १९ ऑगस्ट, दुपारी २:२०

शर्वरी, तुझं जागेचं गणित पटलं. पण तू फक्त मिनेसोटा बघते आहेस. ह्यूस्टनची मालिका सात सामन्यांपर्यंत का गेली ते विसरू नकोस. अॅडम्स आणि शेंगुन, दोन दांडगे एकदम उभे करून झोन (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) लावला त्यांनी. आपला नेम चुकला की रिबाउंड त्यांचा, त्यांचा चुकला तरी रिबाउंड त्यांचाच. सहाव्या सामन्यात आपण अॅडम्सला मुद्दाम फाउल करत बसलो. त्याने फ्री थ्रो निम्म्याहून अधिक घातले, १७ गुण केले, आणि आपल्या खेळाची लय मोडली ती वेगळीच. शेवटच्या दोन मिनिटांत तर तेही चालत नाही. चेंडूपासून लांब फाउल केला की एक फ्री थ्रो आणि चेंडू पुन्हा त्यांनाच. सातव्यात हील्डने नऊ थ्री टाकले, ३३ गुण, म्हणून तरलो. दर वेळी कोण नऊ टाकणार?

हॉरफर्ड अॅडम्सला ढकलणार आहे का? ३९ व्या वर्षी? आणि लागोपाठ दोन रात्री सामने असले की बॉस्टन त्याला त्यातल्या एकात बसवत असे. तसे जोडसामने वर्षाला पंधराएक तरी असतातच. त्या रात्री कोण? पुन्हा १९८ सेंटिमीटरचा ड्रेमंड, पस्तिशीत, सात फुट्यांशी कुस्ती. तो शेवटच्या सहा मिनिटांसाठी राखायचा हुकमी पत्ता आहे. ऑक्टोबरपासून झिजवला तर एप्रिलला हातात काय राहील?

---

प्रेषक: शर्वरी, सॅन रॅमॉन
मंगळवार, १९ ऑगस्ट, सायंकाळी ६:१०

काका, अॅडम्सला कुणीच ढकलत नाही, ढकलायला जाऊही नये. रिबाउंडचं दुखणं सेंटरच्या वजनापेक्षा बाकी चौघांच्या सवयीत जास्त आहे. सेंटरने अॅडम्सला पाठीने फक्त अडवून धरायचं, चेंडू गार्डने उचलायचा. लूनी वर्षानुवर्षं हेच करायचा, आणि पॉजेमस्की त्याच्या उंचीच्या मानाने चांगला उचलतो. कुमिंगा मात्र नेम सुटला की चेंडूकडे बघत उभा राहतो. इतकी उडी असूनही सामन्याला पाचपेक्षा कमी रिबाउंड, यात बरंच आलं.

जोडसामन्यांचं तुम्ही म्हणता ते बरोबर. माझी वाटणी अशी: साध्या रात्री हॉरफर्ड २४-२५ मिनिटं, पोस्ट १५, उरलेली ड्रेमंड. हॉरफर्ड बसेल त्या रात्री पोस्ट सुरुवातीला आणि जॅक्सन-डेव्हिस बाकावरून. जॅक्सन-डेव्हिस ज्या पाचांत असेल त्यात बटलर आणि ड्रेमंड दोघं एकदम नकोत. करी, हील्ड, मूडी आणि दोघांपैकी एक, असं असेल तर त्याचं रिंगकडे पळणं उपयोगी पडतं, कारण बाकीचे बचावपटू बाहेर ओढले गेलेले असतात. चौथा मोठा माणूस टू-वे करारावर (मुख्य आणि दुय्यम संघात ये-जा करणाऱ्याच्या) ठेवावा. टू-वेचा पगार एप्रनमध्ये मोजला जात नाही आणि ५० सामन्यांपर्यंत त्याला संघात घेता येतं. प्लेऑफला तो चालत नाही, पण प्लेऑफला जोडसामनेही नसतात.

दुसरी गरज कुणी बोलतच नाहीये: समोरच्याचा चेंडू आणणारा गार्ड कोण धरणार? विगिन्स फेब्रुवारीत मायामीला गेला तेव्हा ते काम वाऱ्यावर पडलं. बटलर मोठ्या विंगना (कडेने खेळणाऱ्यांना) धरतो, पण ३६ व्या वर्षात त्याला ४८ मिनिटं मिनेसोटाच्या एडवर्ड्समागे पळवणं हा गुन्हा आहे. पेटन धरतो, पण त्यालाही कुणी बाहेर राखत नाही, म्हणजे पुन्हा जागेची बोंब. मेल्टन दोन्ही करतो. नोव्हेंबरात गुडघ्याचा एसीएल (अस्थिबंध) जाण्याआधी सहाच सामने खेळला, त्यात ३७ टक्क्यांनी थ्री टाकत होता. गुडघा बरा असेल तर किमान वेतनात याहून बरं काही मिळणार नाही.

सुरुवातीचे पाच माझ्या मते: करी, मूडी, बटलर, ड्रेमंड, हॉरफर्ड. पॉजेमस्की बाकावरचा पहिला.

---

प्रेषक: नचिकेत, सॅन होजे
मंगळवार, १९ ऑगस्ट, रात्री ९:००

शर्वरीताई, रिबाउंडचं बोललीस ते लागलं, पण खरं आहे.

मग सरळ विचारतो. तो खेळात बसत नाही असं सगळ्यांचं मत आहे, तर त्याला २२ मिलियन का द्यायचे? त्याच्यासमोर क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाचा ठरलेल्या रकमेचा प्रस्ताव) आहेच, ७.९८ ची. त्याने ती घेतली तर १४ मिलियन वाचतात. ते हॉरफर्डला द्या. नाहीतर जाऊ दे त्याला.

---

प्रेषक: मिलिंद, फ्रीमॉन्ट
बुधवार, २० ऑगस्ट, रात्री ८:३०

नचिकेत, तीन वाटा आहेत, तिन्हीचे आकडे देतो.

पहिली, ऑफर. ती घ्यायची की नाही हे कुमिंगा ठरवतो, क्लब नाही. मुदत १ ऑक्टोबर. घेतली तर १७८.५ आणि दहा माणसं. रिचर्ड आणि दोन किमानवाले धरले की १८४.४. पहिल्या एप्रनपर्यंत ११.५ उरतात, म्हणजे हॉरफर्डला पूर्ण १४.१ नाही, ११.५ च. कागदावर बसतं. पण मग हंगामभर १४ माणसं आणि खिशात शून्य. फेब्रुवारीत कुणी दुखावला तर बदली घ्यायला जागा नाही. शिवाय ऑफर घेतल्यावर त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठे पाठवता येत नाही, आणि संमती दिली तर त्याचे बर्ड हक्क जातात, म्हणून तो देणार नाही. पुढच्या जुलैत तो मोकळा, आपल्या हाती धुपाटणं.

दुसरी, सोडून देणं. १७०.५ अधिक १४.१ म्हणजे १८४.६, चार किमानवाले धरून १९३.८. बसतं. हॉरफर्डला पूर्ण पैसे मिळतात. पण पगाराच्या मापात बघ: संघात ५० च्या वरचे दोन, २६ चा एक, आणि त्याखाली थेट ११.६. फेब्रुवारीत कुणाला आणायचं तर काय पाठवणार? मूडी आणि हील्ड मिळून २१ होतात, पण तेच तर दोन नेमबाज. १५ ते २५ च्या मधला पगार संघात असणं हीच देवाणघेवाणीची पहिली अट आहे, आणि त्या जागी बसू शकणारा एकच करार आहे.

म्हणून तिसरी. त्याला साडेबावीस द्या, दुसऱ्या वर्षाचा पर्याय क्लबकडे ठेवा. बातम्यांत दोन वर्षांना ४५ असा प्रस्ताव येतोय तो याच घाटाचा. अडचण अशी की पर्यायाचं वर्ष वगळून तो एक वर्षाचा करार ठरतो, आणि बर्ड हक्क असलेल्या खेळाडूला अशा करारात बदलीवर नकाराधिकार आपोआप मिळतो. क्लबला तो लेखी सोडवून हवाय, त्याला दुसरं वर्ष स्वतःच्या हातात हवंय. भांडण पगाराचं कमी आणि त्या दोन ओळींचं जास्त आहे. सही झाली तरी १५ जानेवारीआधी त्याला हलवता येणार नाही, कारण वाढ २० टक्क्यांच्या वर आहे. देवाणघेवाणीची मुदत ५ फेब्रुवारीला संपते. म्हणजे प्रत्यक्ष बाजार तीन आठवड्यांचा. तेव्हा मात्र त्याचा पगार पुरता २२.५ धरला जाईल, अर्धा नाही. आज मंक घ्यायला नडतं ते जानेवारीत नडत नाही.

तोवर तो खेळला पाहिजे, हे शर्वरीला मान्य करावं लागेल. बाकावर बसलेल्या माणसाला जानेवारीत कोण विचारणार?

---

प्रेषक: शर्वरी, सॅन रॅमॉन
बुधवार, २० ऑगस्ट, रात्री ९:१०

मान्य, पण बटलर बसेल तेव्हाच. करी, कुमिंगा, हील्ड, मूडी, हॉरफर्ड. चार नेमबाजांमध्ये एक घुसणारा. रोज १८ ते २२ मिनिटं सहज निघतात. बटलर आणि ड्रेमंड दोघांबरोबर एकदम नको, एवढीच अट.

---

प्रेषक: वसंतकाका, क्युपर्टिनो
बुधवार, २० ऑगस्ट, रात्री ९:४५

मिलिंद, पंधराव्या जागेचं राहिलं. सेथ करी अजून मोकळा आहे, शार्लटकडून ४५.६ टक्क्यांनी थ्री टाकून लीगमध्ये पहिला आला होता. थोरला मैदानात नसताना धाकट्याकडे कुणीतरी धावेल तरी.

---

प्रेषक: मिलिंद, फ्रीमॉन्ट
बुधवार, २० ऑगस्ट, रात्री १०:२०

काका, जागा आहे, पण पहिल्या दिवशी असेलच असं नाही. किमान वेतन एक वर्षाच्या करारावर २.३ धरतात. मेल्टनने दोन वर्षांचा मागितला तर ती सवलत जाते आणि त्याच्या अनुभवाप्रमाणे तीनच्या वर धरतात. म्हणजे आठ लाख डॉलर तिथेच गेले.

कुमिंगा २२.५ आणि मेल्टन दोन वर्षांवर: चौदा जणांचे २०५.४, पंधरावा कसाबसा बसतो. कुमिंगा २३.५ आणि मेल्टन दोन वर्षांवर: २०६.४, उरतात १.४, बसत नाही. पण किमान वेतन रोजच्या हिशेबाने घटतं. हंगाम १७४ दिवसांचा, दिवसाला साधारण १३,२०० डॉलर. म्हणजे नऊ लाखांची तूट भरायला ६८-७० दिवस थांबायचं. हंगाम सुरू होतो २१ ऑक्टोबरला. सेथची सही डिसेंबरच्या अखेरीस कधीतरी, तोवर दुसरं कुणी त्याला उचललं नाही तर.

शर्वरी, पाचवा बुटका गार्ड म्हणून तू ओरडणार हे गृहीत धरलंय.

---

प्रेषक: शर्वरी, सॅन रॅमॉन
बुधवार, २० ऑगस्ट, रात्री १०:२४

ओरडले.